मैदानाला प्रायोजकाचं नाव द्यायचं, तर जुन्या नावाचं काय करावं?

नमस्कार. तुमचा प्रश्न मला कसा समजला ते आधी सांगतो, म्हणजे काही चुकत असेल तर तुम्हाला तिथेच थांबवता येईल. जिल्ह्याच्या गावातला साठ वर्षांहून जुना फुटबॉल क्लब. मैदान क्लबच्याच ताब्यात. कागदोपत्री त्याला संस्थापकांचं नाव, गावाच्या तोंडी मात्र 'तळ्याकडचं मैदान'. एक स्थानिक कंपनी फ्लडलाइट, नवा स्टँड आणि ड्रेसिंग रूम बांधून द्यायला तयार आहे. बदल्यात दहा वर्षांसाठी स्टेडियमला कंपनीचं नाव, कंपनीचे रंग आणि प्रवेशद्वारावर मोठा बोर्ड. जुने खेळाडू आणि सभासद चिडले आहेत, तरुण मंडळी म्हणतात भावनांवर दिवे लागत नाहीत. आणि तुम्ही मध्ये अडकून विचारताय की पॅव्हेलियनच्या भिंतीवर जुने फोटो लावले तर जुन्याचा मान राहील का.

फोटोंचं शेवटी बघू. मी क्रीडांगणं, क्लबहाऊस आणि छोटी संग्रहालयं यांच्या पाट्या, दिशादर्शक फलक आणि भिंतींवरची मांडणी करतो. अशी कामं माझ्याकडे बहुतेक वेळा उशिरा येतात. करार झालेला असतो, बोर्डाचा आकार ठरलेला असतो आणि 'इतिहासासाठी एक भिंत सोडली आहे, ती जरा सजवा' असं सांगितलं जातं. तुम्ही सहीच्या आधी विचारलंत हे फार बरं केलंत.

चिडलेल्या ज्येष्ठांशी मी एकेकट्याला गाठून बोलतो. सभेत सगळे 'नाव' या एकाच गोष्टीवर भांडतात. एकटे भेटले की वेगळंच बाहेर येतं. कुणाला धास्ती असते की संस्थापकांचा अर्धपुतळा गोडाउनमध्ये जाईल. कुणाच्या वडिलांच्या नावाची संगमरवरी पाटी पायरीशी बसवलेली असते, ती नव्या फरशीखाली जाईल. आणि जवळजवळ सगळ्यांना लागलेलं असतं ते हे, की एवढी मोठी गोष्ट आपल्याला बाहेरून कळली. त्यामुळे तुमच्यापुढचा खरा प्रश्न मी असा मांडेन: मैदानावरच्या कुठल्या नावांना हात लावायचा आणि कुठल्या नावांना नाही, आणि हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा? पैशाची बोलणी त्यानंतर.

आता बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि तुमच्या प्रश्नात ते आलेलं नाही. जमीन क्लबच्या मालकीची आहे, नगरपालिकेची भाडेपट्ट्यावर आहे, की कुणी दान दिलेली? दान असेल तर दानपत्र काढून वाचा, अक्षरन् अक्षर. जुन्या दानपत्रांत 'अमुक यांचे नाव कायम राहील' अशी अट घातलेली पुष्कळदा सापडते, आणि तशी असेल तर निम्मा वाद तिथेच संपतो. क्लब सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेला असेल तर आणखी एक गोष्ट. महाराष्ट्रात न्यासाची बिगरशेती स्थावर मालमत्ता तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्यावर द्यायची असेल तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. नाव देणं म्हणजे भाडेपट्टा नव्हे, पण कंपनी बोर्डासाठी जागा, कार्यालय किंवा कॅन्टीन मागत असेल तर तो व्यवहार कशात मोडतो हे वकिलालाच विचारा, माझ्यावर विसंबू नका. रस्त्याकडे तोंड केलेल्या मोठ्या बोर्डाला पालिकेचा परवाना लागतो. मोठ्या महापालिकांत हे काम आकाशचिन्ह विभागाकडे, म्हणजे जाहिरात फलकांचे परवाने बघणाऱ्या विभागाकडे असतं. हे कंपनी करून देईल असं गृहीत धरू नका. करारात लिहून घ्या.

ज्येष्ठांना शांत करण्यासाठी नव्हे, पण त्यांच्याशी खरं बोलण्यासाठी एक इतिहास माहीत असावा. मैदानांची जुनी नावं काही आकाशातून पडलेली नसतात. मुंबईचं ब्रेबर्न स्टेडियम १९३७ साली उभं राहिलं आणि त्याला तेव्हाच्या गव्हर्नरचं नाव मिळालं. गोष्ट अशी सांगतात की समुद्रात भर घालून मिळवलेल्या जमिनीची बोलणी चालू असताना क्रिकेटवाल्यांनी लॉर्ड ब्रेबर्न यांना विचारलं, सरकारसाठी पैसे हवेत की स्वतःसाठी अमरत्व? गोष्टीला मीठमसाला लागलेला असेल, पण जागेच्या बदल्यात नाव हा सौदा आपल्याकडे तेव्हापासून चालत आलेला आहे. पुढे तिकिटांच्या वाट्यावरून ब्रेबर्नवाल्यांशी बिनसलं म्हणून मुंबई क्रिकेट संघटनेने स्वतःचं स्टेडियम बांधलं आणि त्याला आपले तेव्हाचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांचं नाव दिलं. पदावर असलेल्या माणसाचं नाव! आज असं कुणी केलं तर आपण काय म्हणू? पण जानेवारी १९७५ मध्ये पहिल्याच कसोटीत क्लाइव्ह लॉइडने तिथे नाबाद २४२ केल्या, २०११ चा विश्वचषक तिथे जिंकला गेला, आणि आता 'वानखेडे' म्हटलं की माणूस आठवायच्या आधी मैदान आठवतं. नावाला वजन येतं ते तिथे घडलेल्या गोष्टींमुळे. म्हणून जपायच्या त्या घडलेल्या गोष्टी. त्या नीट जपल्या गेल्या तर गेटावरच्या अक्षरांवरून फारसं कुणी जीव टाकत नाही, हा माझा अनुभव.

ते करायचं कसं, याचं उत्तर वानखेडेवरच मिळतं. १६ मे २०२५ ला तिथे तीन नवी नावं लागली. दिवेचा पॅव्हेलियनच्या लेव्हल तीनला रोहित शर्मा, ग्रँड स्टँडच्या लेव्हल तीनला शरद पवार आणि लेव्हल चारला अजित वाडेकर. लोकांनी चर्चा केली ती नावांची. मी बघत होतो 'लेव्हल' या शब्दाकडे. दिवेचांचं नाव काढून रोहितचं लावलं असं झालं नाही. पॅव्हेलियन दिवेचांचंच राहिलं आणि त्यातल्या एका मजल्याला नवं नाव मिळालं. शिवाय तिथे मर्चंट, गावसकर, तेंडुलकर यांचे स्टँड आहेत, फाटकांना विनू मंकड आणि पॉली उम्रीगर यांची नावं आहेत. म्हणजे एका स्टेडियमवर नावांचे कितीतरी थर असू शकतात: परिसर, स्टेडियम, प्रत्यक्ष खेळायचं मैदान, स्टँड, मजला, फाटक, गोलपोस्टामागचं टोक, रस्ता, बसथांबा. प्रायोजकाला यातला एकच थर हवा असतो, बाहेरून दिसणारा. बाकीचे थर तुमच्या हातात असतात आणि बहुतेक क्लब त्यांचा विचारच करत नाहीत.

दिल्लीत २०१९ मध्ये कोटलाचं नाव अरुण जेटली स्टेडियम झालं, तेव्हा दिल्लीच्या संघटनेने स्पष्ट केलं की स्टेडियमचं नाव बदललं तरी मैदान फिरोजशाह कोटलाच राहील. तोडगा कागदावर नामी आहे. आपले लोक अजून 'कोटलावर कुंबळेने दहा घेतल्या' असंच म्हणतात. पण त्याच मैदानावरचा पुढचा प्रसंगही लक्षात ठेवा. २०१७ मध्ये बिशनसिंग बेदींचं नाव तिथल्या एका स्टँडला दिलं होतं. २०२० च्या डिसेंबरात जेटलींचा पुतळा बसवायचं ठरलं तेव्हा बेदींनी जाहीर पत्र लिहून आपलं नाव काढून टाका म्हणून सांगितलं. कोण बरोबर, कोण चूक यात मी शिरत नाही. मला त्यातून एवढंच दिसतं की एकदा एखाद्याचं नाव लावलं की पुढे शेजारी कोणतं नाव येणार हेही त्याला, तो नसेल तर त्याच्या घरच्यांना, आधी कळवावं लागतं. तुमच्या संस्थापकांचं कुटुंब गावात असेल तर कंपनीच्या अधिकाऱ्याआधी त्यांच्याकडे जा. परवानगी मागायला जा असं म्हणत नाही, नाव बदलायचा अधिकार कायद्याने त्यांचा नसेलही. पण ही गोष्ट त्यांना तुमच्याच तोंडून कळली पाहिजे.

बाहेरच्या जगात याचे बरेवाईट सगळे प्रकार होऊन गेलेत. वाईटात अग्रणी म्हणजे इंग्लंडमधला न्यूकॅसल हा फुटबॉल क्लब. २०११ च्या नोव्हेंबरात क्लबच्या मालकाने सेंट जेम्सेस पार्क या शंभराहून अधिक वर्षं जुन्या मैदानाला आपल्याच दुकानांच्या साखळीचं, स्पोर्ट्स डायरेक्टचं नाव दिलं. जुनं नाव पार काढून टाकलं. चाहत्यांनी भिंतीवर रंगाने जुनं नाव लिहून काढलं. वर्षभराच्या आत दुसरा प्रायोजक आला, त्याने नावाचे हक्क विकत घेतले आणि पहिलं काम काय केलं, तर जुनं नाव परत लावलं. ती कंपनी होती वाँगा, चढ्या व्याजाने अल्पमुदतीची कर्जं देणारी, म्हणजे तशी बदनाम. पण जुनं नाव परत केल्याचं पुण्य तिला मिळालं. तुमच्या कंपनीच्या मार्केटिंगवाल्याला ही हकिकत जरूर सांगा.

याच्या उलट टोकाला जर्मनीतलं न्यूर्नबर्ग. तिथल्या स्टेडियमने २००६ पासून दोन कंपन्यांची नावं अंगावर घेतली, एका बँकिंग ब्रँडचं आणि मग एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीचं. चाहत्यांची मागणी मात्र वेगळी होती: माक्स मोरलॉकचं नाव द्या. मोरलॉक हा त्या क्लबचा घरचा खेळाडू; १९५४ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात हंगेरी दोन गोलांनी पुढे असताना जर्मनीचा पहिला गोल त्याचा. २०१७ मध्ये कॉन्सर्सबँक या बँकेने नावाचे हक्क घेतले आणि स्वतःचं नाव न लावता मोरलॉकचं लावलं. पैशाचा काही भाग चाहत्यांनी वर्गणी काढून उभा केला. बँकेला काय मिळालं? ज्या गावात आधीच्या दोन कंपन्यांची नावं लोकांनी नाइलाजाने घेतली, तिथे या बँकेचं नाव लोकांनी आपणहून घेतलं.

हा मार्ग तुमच्यापुढे ठेवायला मी अजिबात कचरणार नाही. कंपनी स्थानिक आहे म्हणता. स्थानिक कंपनीला फलकापेक्षा गावातली पत मोलाची असते. त्यांचे कामगार, त्यांचे दुकानदार, कदाचित मालकाची स्वतःची मुलं त्याच मैदानावर खेळलेली असतात. त्यांना सरळ विचारून बघा: संस्थापकांचं नाव कायम ठेवून 'सौजन्य: अमुक' असं चालेल का? आणि वर्गणी तुम्हीही काढा. रक्कम कमी भरली तरी चालेल. क्लबचा स्वतःचा पैसा त्यात पडला की बोलणी बरोबरीची होतात. कंपनी नाही म्हणाली तर नाही म्हणाली, विचारायला काय जातं.

नाही म्हणालीच तर मधला मार्ग आहे, आणि माझ्या मते तुमच्यासारख्या क्लबांना बहुतेक वेळा तोच परवडतो. डेन्व्हरमध्ये 'माइल हाय' हे फुटबॉलचं जुनं स्टेडियम होतं. अमेरिकन फुटबॉल, आपला नव्हे. २००१ मध्ये शेजारी नवं बांधलं आणि एका गुंतवणूक कंपनीचं नाव दिलं, पण शेवटी 'अॅट माइल हाय' ठेवलं. गावचं एक मोठं वर्तमानपत्र तरी बराच काळ कंपनीचं नाव छापायला तयार नव्हतं. मग २०११ मध्ये स्पोर्ट्स अथॉरिटी ही दुकानांची साखळी आली, २०१६ मध्ये तिचं दिवाळं वाजलं, आणि तरी बुडालेल्या कंपनीचा बोर्ड २०१८ पर्यंत स्टेडियमवर होता. आता आणखी तिसऱ्याच कंपनीचं नाव आहे. पुढचे शब्द बदलत गेले, शेपूट तेच राहिलं. लंडनच्या ओव्हल या क्रिकेट मैदानाचंही तसंच. फॉस्टर्स, एएमपी, ब्रिट, किया, प्रायोजक बदलत गेले. आपण कॉमेंटरीत ऐकतो ते 'ओव्हल'.

म्हणून जोडनाव करायचं असेल तर टिकणारा शब्द जोडनावाच्या शेवटी ठेवा, पुढे नको. लोक बोलताना पुढचं गिळतात. 'अमुक कंपनी, तमुक मैदान' यातलं 'तमुक मैदान'च तोंडात राहतं. आणि तो टिकणारा शब्द कोणता? इथे तुमच्या ज्येष्ठांना कदाचित वाईट वाटेल, पण गावाने संस्थापकांचं नाव कधी उच्चारलंच नाही, गाव 'तळ्याकडचं' म्हणतं. मडगावच्या स्टेडियमला पंडित नेहरूंचं नाव आहे आणि अख्खा गोवा मॅच बघायला फातोर्ड्याला जातो. पुण्याजवळच्या क्रिकेट स्टेडियमला काही काळ सहाराच्या सुब्रत रॉय यांचं नाव होतं, मग पैशावरून वाद झाला आणि २०१३ मध्ये ते नाव उतरलं. लोकांसाठी ते त्याआधीही गहुंजे होतं आणि नंतरही गहुंजे. जागेचं नाव कुणाला विकता येत नाही आणि पुसताही येत नाही, त्याला तुमच्या संरक्षणाची गरज नाही. माझी सूचना: स्टेडियमच्या जोडनावात जागेचं नाव घ्या, आणि संस्थापकांचं नाव प्रत्यक्ष मैदानाला द्या, जिथे चेंडू फिरतो त्या हिरवळीला. त्याचा वेगळा ठराव करा, वेगळी कोरीव पाटी लावा आणि तो थर 'कधीही विकला जाणार नाही' असं क्लबच्या घटनेत घाला. सामन्याच्या जाहिरातीत, तिकिटावर, लेटरहेडवर कोणतं नाव कुठे येईल तेही आत्ताच लिहून ठेवा. ही छोटी यादी नसली की तीन वर्षांत संस्थापकांचं नाव फक्त वार्षिक अहवालात उरतं.

निव्वळ क्लबचं असं, कंपनीविरहित नाव हाताशी ठेवण्याचं एक व्यवहारी कारणही आहे. मोठ्या स्पर्धांचे स्वतःचे प्रायोजक असतात आणि ते तुमच्या प्रायोजकाचं नाव झाकायला लावतात. जर्मनीतल्या डॉर्टमुंडचं वेस्टफालनस्टेडियन हे फुटबॉल स्टेडियम २००५ पासून एका विमा कंपनीच्या नावाने सिग्नल इडुना पार्क आहे, पण २०२४ च्या युरो स्पर्धेत त्याचं नाव 'बीव्हीबी स्टेडियन डॉर्टमुंड' असं होतं; बीव्हीबी हे तिथल्या क्लबचं लघुनाम. तुमच्याकडे उद्या राज्य संघटनेची स्पर्धा आली आणि तिचा प्रायोजक तुमच्या कंपनीचा प्रतिस्पर्धी निघाला, तर कोणतं नाव लावणार आणि बोर्ड झाकायचा खर्च कोणाचा, हे करारात हवं.

आता प्रत्यक्ष भिंती आणि पाट्या, म्हणजे माझं खरं काम. पहिला नियम: त्यांच्या पैशाने जे उभं राहील त्यावर त्यांचं नाव, आधीपासून जे उभं आहे त्यावर जुनं. नवा स्टँड, दिव्यांचे मनोरे, ड्रेसिंग रूम, इथे कंपनीने हवे ते रंग लावावेत. जुनी कमान, जुनं पॅव्हेलियन, पायरीवरच्या देणगीदारांच्या पाट्या, स्कोअरबोर्ड यांना हात लावायचा नाही. फार तर स्वच्छ करायच्या. कमानीवर सिमेंटची उठावाची अक्षरं असतील तर त्यावर एसीपीची, म्हणजे बोर्डासाठी वापरतात ती अॅल्युमिनियमची शीट ठोकू देऊ नका. शीटसाठी भोकं पाडली की अक्षरं गेली म्हणून समजा, आणि ती शीट काही वर्षांत फिकी पडून तिचे कोपरे उचकटणारच आहेत. कंपनीचा मोठा बोर्ड नव्या स्टँडच्या माथ्यावर जास्त शोभतो आणि रस्त्यावरून जास्त लांबून दिसतो, हे त्यांना जागेवर नेऊन दाखवा. मी अशा वेळी कापडाचा नमुना खऱ्या आकारात टांगून फोटो काढतो. वाद निम्मे होतात.

कंपनीचं नाव देवनागरीतही नीट बसवून घ्या. त्यांचं बोधचिन्ह रोमन लिपीत देखणं असतं आणि मराठीचं काम फ्लेक्सवाल्यावर सोडलेलं असतं; मग शेजारी पन्नास वर्षांपूर्वीच्या पेंटरने काढलेली सुरेख मराठी अक्षरं आणि त्याला खेटून हे विद्रूप. जुन्या कमानीवरच्या अक्षरांचं वळण घेऊन सगळ्या दिशादर्शक पाट्या केल्या तर नव्या रंगातही मैदान ओळखीचं वाटतं. क्लबच्या जर्सीचे रंग मात्र कराराबाहेर ठेवा. या एका मुद्द्यावर मी कुणाचं ऐकत नाही.

फोटो. भिंतभर फोटो लावणं हा सर्वांत सोपा आणि सर्वांत कमी उपयोगाचा उपाय आहे, कारण तो सहसा अशा खोलीत होतो जिथे किल्ली शिपायाकडे असते. लंडनच्या आर्सेनल या फुटबॉल क्लबचं बघा. २००६ मध्ये हायबरी हे जुनं मैदान सोडून ते एमिरेट्स या विमान कंपनीचं नाव असलेल्या नव्या स्टेडियममध्ये गेले. तुमच्यापेक्षा अवघड प्रकरण, कारण नाव आणि जागा दोन्ही गेली. स्टेडियम उत्तम होतं, पण आपलं वाटेना अशी चाहत्यांची तक्रार. तीन वर्षांनी, २००९ मध्ये, क्लबने ते 'आर्सेनलचं' करायची मोहीम काढली: बाहेरच्या भिंतींवर हातात हात घातलेले पाठमोरे जुने खेळाडू, स्टँडच्या टोकांना पुन्हा 'क्लॉक एंड', 'नॉर्थ बँक' ही हायबरीची नावं, मोठं घड्याळ, आणि २०११ मध्ये जुने प्रशिक्षक चॅपमन आणि खेळाडू अॅडम्स, ऑन्री यांचे पुतळे. यातलं जवळजवळ सगळं बाहेर आहे किंवा खुर्च्यांवरून दिसतं. सामन्याला येणारा माणूस त्याच्यावरूनच चालत जातो.

तुमच्याकडे पुतळ्यांची गरज नाही. आठवण नेमक्या जागेला बांधा, खर्च फार येत नाही. २०११ च्या अंतिम सामन्यात धोनीचा षटकार वानखेडेवर जिथे पडला, तिथल्या खुर्च्या खुणेच्या ठरल्या. २०२३ मध्ये त्याच्याच हस्ते त्या जागेचं उद्घाटन झालं. आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला नगरचे शिल्पकार प्रमोद कांबळे यांनी केलेला सचिनचा भव्य पुतळाही तिथे बसला. पुतळ्याचा फोटो लोक काढतात, पण खुर्चीजवळ उभं राहून माणूस खेळपट्टीकडे बघतो आणि मनात अंतर मोजतो. मला खुर्ची जास्त आवडते. तुमच्या मैदानावर असा एखादा गोल असेल ना, अजून ज्याच्या गप्पा होतात? तो जिथून मारला त्या रेषेला समांतर, कुंपणावर एक पितळी पट्टी. तारीख, निकाल, कुणाच्या पासवर, कुणी मारला. बस.

मजकूर लिहिताना माहिती क्लबच्या नोंदवहीवरून आणि दोन वेगवेगळ्या माणसांकडून पडताळा, नावांचं शुद्धलेखन घरच्यांकडून तपासून घ्या. हरलेले सामनेही लिहा. नुसत्या चषकांची भिंत कुणी दुसऱ्यांदा वाचत नाही. आणि फक्त कर्णधार आणि अध्यक्ष नकोत. पहाटे पाणी मारणारा माळी, लाइन आखणारा, चेंडू शिवून देणारा, सामन्याचा चहा करणारी बाई, यांची नावं आत्ता विचारून घेतली नाहीत तर पुढच्या पिढीत सांगणारं कुणी उरणार नाही. जागा निवडा ती रांगेची: तिकिटखिडकी, चहाची टपरी, पाण्याचा नळ. रांगेत माणूस वाचतो. आणि दरवर्षी त्याची देखभाल कुणी करायची, पैसे कुठून, हे करारातच टाका. कंपनीच्या वार्षिक रकमेतला ठरावीक हिस्सा जतनासाठी वेगळा काढायचा.

करारावर दोन शब्द, कारण सगळं तिथेच ठरतं. मुदत दहाऐवजी पाच वर्षांची, मग नूतनीकरण. हप्ता चुकला तर किती दिवसांनी नाव उतरणार. कंपनी विकली गेली, तिचं नाव बदललं किंवा ती बदनाम झाली तर क्लबला एकतर्फी करार मोडता येईल. ह्यूस्टनच्या बेसबॉल क्लबने एन्रॉनचं नाव लावलं होतं. एन्रॉन बुडाल्यावर २००२ मध्ये नाव काढायला क्लबलाच सुमारे २१ लाख डॉलर मोजावे लागले. आपल्याला एन्रॉन काही नवीन नाही, दाभोळचा वीजप्रकल्प आठवत असेल. बोर्ड उतरवायचा आणि भिंत पूर्ववत करायचा खर्च कंपनीचा, आणि त्याची अनामत आधीच घ्या. डेन्व्हरसारखा बुडालेला बोर्ड डोक्यावर घेऊन बसायला नको.

थोडक्यात क्रम असा धरा. दानपत्र, मालकी, न्यासाची घटना यांची तपासणी. मग मैदानावरच्या प्रत्येक नावाची, पाटीची, वस्तूची फोटोसकट यादी, आणि प्रत्येकापुढे 'जपायचं', 'हलवलं तर चालेल' किंवा 'देता येईल' असा शेरा. ती यादी सर्वसाधारण सभेत मंजूर, कंपनीचं नाव न घेता. त्यानंतर कंपनीशी बोलणी, मोरलॉकच्या मार्गाने सुरुवात करून. ज्येष्ठांपैकी सगळ्यांत जास्त चिडलेल्या दोघांना यादीच्या समितीत घ्या. गंमत नाही; कोणत्या पाटीमागे कोण आहे हे त्यांनाच माहीत असतं, आणि पुढे कंपनीपुढे ठाम उभे राहतात ते तेच.

यादीला उशीर करू नका. स्टँडच्या पायाचं खोदकाम सुरू झालं की पायरीवरच्या पाट्या सगळ्यांत आधी मजुरांच्या डंपरमध्ये जातात. आणि जुन्या नोंदवह्या, सामन्यांचे कागद क्लबच्या कपाटात असतील तर ते आधी स्कॅन करून घ्या, वाळवी कुणाच्या ठरावाची वाट बघत नाही. जमीन कोणाची आणि दानपत्रात काय आहे एवढं कळवा, म्हणजे मैदानाच्या नावाचा ठराव कसा लिहायचा त्याचा नमुना पाठवतो. तोवर कंपनीला लेखी होकार देऊ नका, नकारही नको. 'सभेपुढे ठेवतो' एवढंच सांगा.